वयात आलेल्या मुलांचे रात्री अंथरूण ओले होणे : बारावीतला मुलगा, उपचार आणि पुढचे वसतिगृह

कोथरूडकर_आई (११ जानेवारी)

माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, बारावीला आहे, आणि आठवड्यातून तीन-चार रात्री त्याचे अंथरूण अजूनही ओले होते. सख्ख्या बहिणीलाही मी हे सांगितलेले नाही. लहानपणापासून आजवर सलग सहा महिने कोरडे गेले असे कधी झालेच नाही. तो पाच वर्षांचा असताना बालरोगतज्ज्ञ म्हणाले, ‘मोठा झाला की आपोआप थांबेल’. नवव्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितले, आणि त्यानंतर आम्ही कोणाकडे गेलोच नाही, कारण तोपर्यंत डॉक्टरांपुढे बसून हा विषय ऐकणेही त्याला नकोसे झाले होते. सासूबाईंनी त्यांच्या परीने सगळे करून पाहिले: जंताचे औषध, ओवा, झोपताना तीळ-गूळ, दृष्ट काढणे. मी काय केले तेही लिहिते. तो ११ वर्षांचा होता, घरी पाहुणे मुक्कामाला होते, त्यांच्यासमोर गादी उचलावी लागली म्हणून मी त्याच्यावर हात उचलला. त्याने ते कधी बोलून दाखवले नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही.

हल्ली तो पहाटे साडेचारला स्वतःच उठतो, चादर बादलीत बुडवतो, पाण्याचा आवाज आजीच्या खोलीपर्यंत जाऊ नये म्हणून नळ अगदी बारीक सोडतो, आणि आम्ही उठायच्या आत चादर गॅलरीतल्या आतल्या दोरीवर वाळत पडलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हा गोधडी पंख्याखाली वाळवावी लागते आणि खोलीत वास राहतो, म्हणून गेल्या पावसाळ्यापासून त्याने गोधडी घेणेच सोडले. शाळेच्या एकाही मुक्कामाच्या सहलीला तो गेलेला नाही. इंजिनिअरिंगसाठी तो फक्त पुण्यातल्याच महाविद्यालयांची नावे घेतो, आणि त्यामागचे कारण घरात कोणीच उच्चारत नाही.

या वयात दाखवायचे ते कोणत्या डॉक्टरांना, तपासण्या कोणत्या कराव्या लागतात, आणि वसतिगृहात राहायची वेळ आलीच तर रोजचे निभावायचे कसे, हे ज्यांना अनुभवाने माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नारायणपेठेतल्या_काकू (११ जानेवारी)

ताई, संध्याकाळी सहानंतर त्याचे पाणी पूर्ण बंद करा आणि रात्री दोन वाजता हलवून उठवून बाथरूममध्ये नेत जा. आमच्या भाच्याच्या बाबतीत माझ्या जावेने वर्षभर हे नेमाने केले होते. परीक्षेचे टेन्शन हेही कारण असू शकेल.

निवृत्त_सिस्टर (१२ जानेवारी)

मी मुलांच्या वॉर्डात आणि नंतर मूत्ररोग विभागाच्या ओपीडीत मिळून तीस वर्षांहून अधिक काळ परिचारिका म्हणून काम केले आहे. काकूंनी आपुलकीने लिहिले आहे, परंतु दोन वाजता उठवून नेल्याने त्या रात्रीची चादर वाचते, आजार हटत नाही. मूल अर्धवट झोपेत चालत जाते, अर्धवट झोपेतच लघवी करते, आणि भरलेल्या लघवीच्या पिशवीची जाणीव होऊन स्वतः जागे होणे त्याच्या मेंदूला जमत नाही ते नाहीच. टेन्शनचे म्हणाल, तर जन्मापासून चालत आलेल्या तक्रारीचे मूळ तिथे क्वचितच असते. उलट तक्रारीमुळेच टेन्शन आलेले असते.

पाचव्या वर्षी शंभरातल्या साधारण पंधरा मुलांना हा त्रास असतो. त्यापुढे दरवर्षी, उरलेल्यांपैकी शंभरात पंधराजणांचा तो आपसूक थांबतो, म्हणून ‘मोठा झाला की जाईल’ हे वाक्य बहुतेकांच्या बाबतीत खरे ठरते. परंतु सगळ्यांचा जात नाही. वयात आलेल्या आणि तरुण मंडळींमध्येही शंभरात एक ते दोन जणांना तो राहतो. म्हणजे दोनशे मुलांच्या वसतिगृहात असे दोन ते चारजण असणार, आणि प्रत्येकाला वाटत असणार की आपण एकटेच. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत जो त्रास राहिला, तो पुढे वाट पाहून जाण्याची शक्यता कमी असते आणि त्याची तीव्रताही बहुधा जास्त असते, म्हणून या वयात वाट पाहणे हा सल्ला मी चुकीचा मानते.

यामागे तीन गोष्टी असतात आणि त्यांचे प्रमाण प्रत्येकात वेगळे असते. पहिली म्हणजे, एरवी रात्री मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक जास्त सुटते आणि त्यामुळे मूत्रपिंडे रात्री लघवी कमी व घट्ट तयार करतात. काहींमध्ये ही रात्रीची वाढ होत नाही आणि रात्रीही दिवसाइतकीच लघवी तयार होत राहते. दुसरी म्हणजे, लघवीची पिशवी पुरेशी भरण्याआधीच आकसते. तिसरी म्हणजे, पिशवी भरल्याचा निरोप झोपलेल्या मेंदूला जागे करत नाही. यातल्या एकाही गोष्टीवर मुलाच्या इच्छाशक्तीची सत्ता चालत नाही, हे त्याच्या आजीलाही समजावून सांगा.

शिवाय दोन कारणे अशी, जी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. एक बद्धकोष्ठ. गुदाशय कायम भरलेला असला की तो पुढच्या लघवीच्या पिशवीवर दाब देतो, आणि ‘रोज जातो’ म्हणणाऱ्या मुलाचेही पोट साफ झालेले असते असे नाही. दुसरे घोरणे. टॉन्सिल किंवा ॲडिनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढल्याने झोपेत श्वास अडत असेल तर त्याचाही परिणाम रात्रीच्या लघवीवर होतो, आणि घोरण्यावर उपचार झाल्यावर अंथरूण कोरडे राहू लागलेली मुले मी पाहिली आहेत.

१७ व्या वर्षी मूत्ररोगतज्ज्ञ, म्हणजे युरोलॉजिस्ट, यांना दाखवावे. १५-१६ पर्यंत या विषयात लक्ष घालणारे बालरोगतज्ज्ञही चालतात. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतही सुरुवातीच्या तपासण्या होतात, त्यामुळे खर्चाच्या धास्तीने कोणी थांबू नये. लघवीची साधी तपासणी, रक्तातली साखर, लघवीच्या आधी आणि नंतर सोनोग्राफी करून पिशवीत किती लघवी शिल्लक राहते ते पाहणे, आणि लघवीच्या धारेचा वेग मोजणे, एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते. डॉक्टर पाठीचा खालचा भाग आणि पायांची ताकद पाहतील, कारण माकडहाडाच्या वर केसांचा पुंजका किंवा खळगा असल्यास मज्जारज्जूचा दोष शोधावा लागतो.

मात्र जाण्याआधी वही तयार करा. चार दिवस, शक्यतो सुट्टीचे, किती वाजता किती पाणी प्यायला आणि किती वाजता किती मिलिलिटर लघवी झाली हे मोजपात्राने मोजून लिहायचे. वही घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टर अर्धा तास देतात, आणि ‘लहानपणापासून होते’ एवढेच सांगणाऱ्याला पाच मिनिटे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

कॉट_बेसिस (१२ जानेवारी, रात्री)

मी २४ वर्षांचा आहे. मूळचा लातूर जिल्ह्यातला असून तीन वर्षांपासून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. एका खोलीत आम्ही पाचजण आहोत. हा त्रास मलाही जन्मापासून आहे.

पहिले वर्ष मी रात्री झोपतच नसे. अभ्यासिका चोवीस तास उघडी असते, म्हणून रात्रभर तिथे बसायचे आणि खोलीतले सगळे सकाळी बाहेर पडले की कॉटवर येऊन चार तास पडायचे. सगळ्यांना वाटे, हा पोरगा फार अभ्यास करतो. प्रत्यक्षात वाचलेले एक पानही डोक्यात राहत नव्हते. दिवाळीला गावी जातानाही मी दिवसाचीच एस.टी. घेत असे, कारण रात्रीच्या गाडीत डोळा लागला तर काय, ही भीती.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलेली वही लिहिली, तेव्हा माझे मलाच कळले की सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत मी जेमतेम अर्धा लिटर पाणी पीत होतो, कारण अभ्यासिकेत जागा सोडून उठले की लय जाते, आणि मग मेसमध्ये जेवताना, खोलीवर आल्यावर मिळून दीड लिटर पीत होतो, वर नऊ वाजताचा चहा. डॉक्टरांनी ते उलटे करायला लावले. दिवसभरातल्या पाण्यापैकी शंभरातले चाळीस भाग दुपारच्या आत, चाळीस भाग संध्याकाळी पाचच्या आत, आणि राहिलेले वीस भाग त्यानंतर. संध्याकाळनंतर चहा, कॉफी, कोला बंद. काकूंनी सुचवल्याप्रमाणे पाणी नुसतेच तोडायचे नाही, कारण दिवसा पिशवी भरायची सवयच राहिली नाही तर ती आणखी लहान लहान मापावर आकसते. त्याबरोबर दिवसा दर दोन-अडीच तासांनी आणि झोपताना दोनदा, पंधरा मिनिटांच्या अंतराने लघवीला जाणे.

एवढ्याने आठवड्यातल्या पाच ओल्या रात्रींच्या तीन झाल्या. उरलेल्यासाठी मला रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिनची गोळी आणि पिशवी शांत ठेवणारे एक औषध दिले आहे. आता महिन्यातून दोन-तीन रात्रीच ओल्या जातात.

ताई, तुमच्या मुलाला एक निरोप द्या. मी खोलीतल्या एका मित्राला सांगितले. तीन महिने वाक्य जुळवत होतो आणि शेवटी चहाच्या टपरीवर सांगून टाकले. तो म्हणाला, ‘मला माहीत आहे, म्हणूनच दाराजवळची खालची कॉट मी तुला सोडली.’

आंबेगावकर (१३ जानेवारी)

विषय थोडा वेगळा आहे, पण इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. माझी मुलगी चौथ्या वर्षापासून पूर्ण कोरडी होती. चौदाव्या वर्षी अचानक आठवड्यात दोनदा अंथरूण ओले झाले. नववीचा ताण, पाळीच्या तारखा, अशी कारणे आम्हीच लावत बसलो. पंधरा दिवसांत तिचा युनिफॉर्म सैल झाला होता आणि रात्री उशाशी दोन बाटल्या पाणी लागत होते, तरी आम्हाला सुचले नाही. शेवटी उलट्या होऊन तिला दाखल करावे लागले, तेव्हा टाईप वन मधुमेह असल्याचे कळले. आता ती इन्सुलिनवर आहे आणि उत्तम आहे, अंथरूणही पुन्हा कधी ओले झाले नाही. पण ते पंधरा दिवस आम्ही वाया घालवले.

निवृत्त_सिस्टर (१३ जानेवारी)

आंबेगावकरांनी लिहिले ते फार मोलाचे आहे. सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिलेल्या व्यक्तीला पुन्हा त्रास सुरू झाला तर तो वेगळा प्रकार मानतात आणि तिथे कारण शोधावेच लागते: मधुमेह, मूत्रमार्गाचा संसर्ग, रात्रीचे झटके, मनावर झालेला मोठा आघात, किंवा नव्याने सुरू झालेले एखादे औषध. काही मानसोपचाराच्या औषधांनी असे होते; ती परस्पर बंद न करता त्याच डॉक्टरांना सांगावे. तरुणांमध्ये मद्यपानानेही होते. तहान आणि वजनातली घट बरोबर असेल तर साखर त्याच दिवशी तपासा. लघवीला जळजळ, रक्त, दिवसाही कपडे ओले होणे, पायात अशक्तपणा, यांपैकी काहीही असल्यास थांबू नका.

कोथरूडकर_आई (९ फेब्रुवारी)

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी मुलाला वाचायला दिला. त्याने दार लावून वाचला आणि रात्री स्वयंपाकघरातले मोजपात्र मागून नेले.

वही त्यानेच लिहिली. रात्रीची लघवी मोजायची कशी हा प्रश्न होता. त्यासाठी औषधाच्या दुकानातून मोठ्यांच्या डायपर पँट आणल्या. केकसाठी घेतलेल्या डिजिटल काट्यावर कोरड्या पँटचे वजन आणि सकाळी ओल्या पँटचे वजन करायचे. फरकाचा एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर, त्यात सकाळची पहिली लघवी मिळवायची. आकडा आला ५८० मिलिलिटर. दिवसा मात्र त्याने एका वेळी केलेली सर्वांत जास्त लघवी २२० मिलिलिटर होती. डॉक्टरांनी वही उलटसुलट दोनदा पाहिली आणि त्यालाच समजावले, ‘तुझ्या वयाला पिशवीत चारशेच्या आसपास मावायला हवे, आणि रात्रीची लघवी त्याच्या सव्वापटीपेक्षा जास्त होते आहे, म्हणजे भांडे लहान आणि नळ मोठा, दोन्ही आहे.’ सोनोग्राफीत लघवी शिल्लक राहत नव्हती, पण गुदाशय भरलेला दिसला. पोट साफ होण्याची पावडर सुरू केली, पाण्याचे वेळापत्रक दिले, आणि परीक्षेच्या काळापुरती डेस्मोप्रेसिनची गोळी दिली.

नंतर त्यांनी विचारले, घरात आणखी कोणाला होते का. मी ‘नाही’ म्हणणार होते, तेवढ्यात माझे यजमान म्हणाले, ‘मला होते. नववीपर्यंत.’ आमच्या लग्नाला वीस वर्षे झाली, हे मला त्या खुर्चीत बसून कळले. डॉक्टर म्हणाले, आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात ४४ च्या आसपास असते, दोघांनाही असेल तर ७७ च्या आसपास, आणि कोणालाच नसेल तर साधारण १५. मुलगा आकडे ऐकतच नव्हता, तो वडिलांकडे पाहत होता. परतताना दोघे पुढे एका स्कूटरवर गेले आणि दीड तासाने घरी आले. काय बोलले ते मी विचारले नाही. सासूबाईंचे तीळ-गूळ मुळात कोणासाठी होते तेही त्या दिवशी समजले.

भोसरीकर (१० फेब्रुवारी)

आमच्याकडे धाकट्या भावासाठी, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी, अलार्म वापरला होता. चड्डीला छोटा सेन्सर लावायचा आणि खांद्याजवळ घंटीचा डबा. पहिल्या थेंबाला तो वाजतो. परीक्षा झाल्यावर नक्की विचार करा. मात्र पहिले तीन आठवडे घंटीने आम्ही सगळे उठायचो, तो सोडून. मला रोज जाऊन त्याला पूर्ण जागे करावे लागे, दिवा लावून, तोंडावर पाणी मारून, आणि घंटी त्याच्याच हाताने बंद करायला लावून बाथरूमला पाठवावे लागे. चौथ्या आठवड्यापासून चादरीवरचा डाग लहान होत गेला. कोरड्या रात्री त्यानंतर आल्या. सलग १४ कोरड्या रात्री मिळायला आम्हाला अकरा आठवडे लागले. एखाद्या आठवड्यात काही दिसले नाही म्हणून लोक सोडून देतात.

निवृत्त_सिस्टर (१० फेब्रुवारी)

अगदी बरोबर. दोन-तीन महिने नेटाने वापरल्यास सुमारे दोनतृतीयांश जणांना अलार्मचा गुण येतो, आणि गोळीच्या तुलनेत तो जास्त टिकतो. ही पद्धत नवीनही नाही. अमेरिकेतल्या मोरर पती-पत्नींनी १९३८ सालीच तिच्यावरचे काम प्रसिद्ध केले होते.

गोळीविषयी एक गोष्ट मी ठासून सांगते. डेस्मोप्रेसिन घेण्याच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी प्यायचे नाही, तोंड ओले करण्यापुरता घोट सोडून. ही गोळी लघवी तयार होणे कमी करते. वरून पाणी प्यायल्यास ते शरीरात साठून रक्तातले सोडियम उतरते, डोके दुखते, उलट्या होतात आणि झटकेही येऊ शकतात. ताप, जुलाब किंवा उलट्या असतील त्या रात्री गोळी घ्यायची नाही. मला एका बाईंनी निरोपातून विचारले आहे की घरी याच औषधाचा जुना नाकातला फवारा आहे तो चालेल का. चालणार नाही. सोडियम उतरण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्येच अंथरूण ओले होण्यासाठी फवारा वापरू नये असे बजावले आहे. इमिप्रामिन हे जुने औषध कोणाकडे चालू असेल तर ते कुलपात ठेवा. जास्त मात्रा हृदयाला घातक ठरते.

कोथरूडकर_आई (२६ जुलै)

उशिरा लिहिते आहे. गोळीने परीक्षेचा महिना जवळजवळ कोरडा गेला, बंद केल्यावर चार रात्रींत पुन्हा पहिल्यासारखे झाले आणि तो फार खचला. मार्चअखेरीस अलार्म सुरू केला. त्याला जागे करायला रात्री त्याचे वडील जात, मला त्याने येऊ दिले नाही. मे महिन्यात सलग नऊ कोरड्या रात्री झाल्या आणि दहाव्या रात्री मोडले. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चौदा पूर्ण झाल्या. आता साधारण दहा-बारा दिवसांतून एखादी रात्र ओली जाते, बहुधा उशिरा जेवण झाले की. पोटाची पावडर चालू आहे. वहीतला रात्रीचा रकाना तोच भरतो आणि हल्ली मी ती उघडून पाहत नाही.

परवा त्याने प्रवेशाचा पसंतीक्रम भरला. तिसऱ्या क्रमांकावर सांगलीचे महाविद्यालय आहे. मी काही म्हटले नाही, मागे उभी राहून नुसते पाहिले.

कॉट_बेसिस, तुम्हाला विचारायचे होते की वसतिगृहाच्या गादीला कव्हर कोणते घ्यावे. आमच्या जुन्या मेणकापडाचा कूस बदलताना आवाज होतो, आणि तेवढ्यासाठी तो नको म्हणतो.

कॉट_बेसिस (२६ जुलै, रात्री)

ताई, मेणकापड नको. वरून टॉवेलसारखे सुती आणि खालून पातळ रबरी थर असलेले मॅट्रेस प्रोटेक्टर मिळते, चारही बाजूंनी इलॅस्टिक असते, अजिबात वाजत नाही. तीन बाय सहाचे घ्या आणि दोन घ्या, कारण पावसाळ्यात एक वाळायला दोन दिवस जातात. प्रोटेक्टरवर चादर, त्यावर दुसरे प्रोटेक्टर आणि पुन्हा चादर, असे आधीच अंथरून ठेवायचे. रात्री चादर ओली झालीच तर वरचे दोन थर काढून पिशवीत घालायचे आणि खालच्या कोरड्या चादरीवर झोपायचे, दिवाही लावावा लागत नाही. पिशवी चेनची, जाड प्लास्टिकची असावी. धुताना आधी गार पाण्यातून काढायचे, मग साबण. गरम पाणी आधी घातले तर वास कपड्यात बसतो. पांघरायला गोधडीऐवजी पातळ सोलापुरी चादर द्या, ती खोलीतल्या पंख्याखाली रात्रीतून वाळते.

त्याला माझ्याशी बोलायचे असेल तर इथेच निरोप पाठवायला सांगा. मी मुख्य परीक्षेच्या तयारीत आहे, पण रात्री अकरानंतर खोलीवर असतो.